चंद्राची मोजणी कशी झाली?



मोजणीची नोटीस आली की घरात काय गडबड उडते, ते तुम्हांला सांगायला नको. भूकरमापक येणार, शेजारी बांधावर येऊन उभा राहणार, जुनी हद्दीची खूण सापडते की नाही याची धाकधूक, आणि शेवटी हात-दोन हात जमिनीवरून कुणाचा तरी आवाज चढणार. तरी आपल्या जमिनीत जाता येते, साखळी ओढता येते, म्हाताऱ्या माणसाला खूण विचारता येते. आता अशी एक जमीन डोळ्यांसमोर आणा, की जिथे खूण दाखवायला कुणी नाही, साखळी धरायला माणूस नाही आणि अंतर आहे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर. ती जमीन म्हणजे आपला चंद्र. त्याचीही मोजणी झाली आहे, आणि त्यातली काही मोजणी आपल्याच देशाच्या यानांनी केली आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. गेवराईच्या बाजारपेठेपासून गोदाकाठच्या वस्त्यांपर्यंत लोक टीव्हीसमोर, मोबाईलसमोर बसले होते. सगळ्यांनी यानाचे आणि शास्त्रज्ञांचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण यान नेमके कोठे उतरवायचे हे ठरवण्यासाठी त्या जागेचा नकाशा आधी तयार करावा लागला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. नकाशा नसता तर ते उतरणे म्हणजे अमावास्येच्या रात्री अनोळखी विहिरीच्या काठाने चालण्यासारखे झाले असते. तो नकाशा कसा करतात, आणि त्यातून आपण शेतकऱ्यांनी काय घ्यावे, ते आज पाहू.

फोटो वेगळा, नकाशा वेगळा

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. फोटो म्हणजे नकाशा नव्हे. उंच झाडावर चढून शेताचा फोटो काढला तर जवळचा बांध मोठा दिसेल, लांबचा लहान दिसेल. उतार किती, खोलगट भाग कोणता, विहीर बांधापासून किती हातांवर, हे त्या फोटोवरून सांगता येणार नाही. नकाशात मात्र प्रत्येक खुणेची जागा ठरलेली असते, अंतर मोजता येते आणि चांगल्या नकाशात उंची-खोलीही असते. फोटोपासून नकाशापर्यंत जायला मध्ये बरेच गणित लागते.

चंद्राचा नकाशा करण्याची धडपड जुनी आहे. १६०९-१० च्या सुमारास इटलीच्या गॅलिलिओने दुर्बिणीतून चंद्र पाहिला. चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमा असते, तिच्या पलीकडे अंधारात त्याला काही उजेडाचे ठिपके दिसले. पहाटे गावात अजून अंधार असतो, पण डोंगराच्या माथ्यावर ऊन आलेले असते, हे आपण रोज पाहतो. गॅलिलिओने तेच ओळखले. ते डोंगरांचे माथे होते. ते सीमेपासून किती आत आहेत हे पाहून त्याने डोंगरांच्या उंचीचा अंदाजही बांधला. पुढे १६५१ साली रिचोली या इटालियन धर्मगुरूने छापलेल्या नकाशातली पुष्कळ नावे आजही चालतात. चंद्रावरच्या काळ्या डागांना तेव्हाचे लोक समुद्र समजत. आपण तिथे ससा किंवा हरीण पाहतो. पाणी तिथे थेंबभर नाही, पण 'शांतीचा सागर' हे नाव राहिले. जुलै १९६९ मध्ये माणूस प्रथम उतरला तो त्याच 'सागरा'च्या कोरड्या तळावर.

चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. पाठीमागची बाजू माणसाने प्रथम पाहिली ती ऑक्टोबर १९५९ मध्ये, रशियाच्या लुना-३ या यानाने पाठवलेल्या फोटोंमधून. पुढे १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेची पाच याने चंद्राभोवती फिरली. त्यांत फोटोची फिल्म होती, ती यानातच धुतली जाई आणि मग तिची एकेक रेघ वाचून रेडिओने पृथ्वीवर पाठवली जाई. त्या पाच यानांनी चंद्राचा जवळजवळ ९९ टक्के भाग टिपला.

सावली हीच मोजपट्टी

फोटोवरून उंची कशी काढतात? पहिली युक्ती तुमच्या अंगणातली आहे. तीन फुटांची काठी उन्हात उभी करा. तिची सावली दोन फूट पडली आणि त्याच वेळी लिंबाच्या झाडाची सावली वीस फूट भरली, तर लिंब तीस फूट उंच. झाडावर चढण्याची गरज नाही. चंद्रावर कोणत्या वेळी कोणत्या जागी सूर्य किती वर असतो, हे गणिताने अचूक सांगता येते. मग खड्ड्याच्या काठाची सावली आत किती लांब पडली हे फोटोत मोजले की काठाची उंची निघते.

म्हणूनच यानाला दुपारचे फोटो कमी कामाचे आणि सकाळ-संध्याकाळचे जास्त कामाचे. हेही तुमच्या अनुभवातले आहे. सकाळी उगवत्या उन्हात सरी-वरंबा कसा स्पष्ट दिसतो! भर दुपारी तेच रान सपाट वाटते. पौर्णिमेचा चंद्र मनाला कितीही सुखावत असला तरी मोजणी करणाऱ्याला तो नकोसा, कारण त्यावर सावल्याच नसतात.

एक डोळा झाका आणि सुई ओवा

दुसरी युक्ती दोन डोळ्यांची. घरातल्या बायांना विचारा, एक डोळा झाकून सुईत दोरा ओवता येतो का? चुकतोच. कारण दोन डोळे एकच वस्तू थोड्या वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. यानाचेही तसेच. एकच टेकडी दोन जागांहून टिपली की उंच माथा दोन फोटोंत थोडा सरकलेला दिसतो. जितका जास्त सरकला तितका उंच.

आपले चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. त्यावर अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने बनवलेला एक कॅमेरा होता. त्याचे काम नावाप्रमाणेच भूरूपाची मोजणी करण्याचे होते. त्याला दोन नव्हे, तीन नजरा होत्या. एक पुढे तिरपी, एक सरळ खाली आणि एक मागे तिरपी. यान पुढे सरकताना तीच जमीन आधी पुढच्या नजरेने, मग खालच्या, मग मागच्या नजरेने टिपली जाई. तिन्ही फोटो जुळवले की चंद्राचा तो तुकडा उंच-सखल उभा राही. चांद्रयान-२ वर याच कॅमेऱ्याची पुढची आवृत्ती गेली. आपल्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचे नाव चंद्रावरच्या एका खड्ड्याला दिलेले आहे. २०२० मध्ये त्या खड्ड्याचे मोजमाप या कॅमेऱ्याच्या फोटोंवरून काढण्यात आले. खोली सुमारे १.७ किलोमीटर आणि कडांचा उतार २५ ते ३५ अंश. फोटोपेक्षा नकाशा जास्त काय सांगतो, ते यावरून कळेल.

तिफणीच्या फेऱ्या

आता ही मोजणी चालते कशी ते पाहा. यान चंद्राच्या ध्रुवांवरून, उत्तर-दक्षिण फिरते. १०० किलोमीटर उंचीवरून एका फेरीला जवळजवळ दोन तास लागतात. खाली चंद्र स्वतःभोवती हळूहळू फिरत असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीला यानाखाली नवी जमीन येते. तिफण एका तासाशेजारी दुसरे तास धरत रान संपवते, तसेच हे.

पण एक अडचण आहे. एका फेरीत चंद्राचा मध्यभाग सुमारे ३३ किलोमीटर सरकतो आणि कॅमेऱ्याचा पट्टा असतो २० किलोमीटरचा. म्हणजे दोन तासांच्या मध्ये रान पडीक राहते. ते पुढच्या महिन्यात भरायचे. त्यातही अर्धा चंद्र नेहमी अंधारात. उजेड चांगला तिरपा असेल तेव्हाच फोटो उपयोगी. चंद्राचा पृष्ठभाग जवळजवळ ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या साडेअकरापट. एवढे रान असे तुकड्या-तुकड्यांनी जुळवायचे. ही माहिती बंगळूरजवळ ब्यालाळू येथे ३२ मीटर रुंदीच्या मोठ्या ताटलीसारख्या अँटेनावर उतरते. चांद्रयान-१ ने ३१२ दिवस काम केले आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा संपर्क तुटला.

एका गुंठ्यात ठिपके किती?

फोटो ठिपक्यांचा बनतो. एका ठिपक्याएवढ्या जागेत काय आहे, ते त्या फोटोत वेगळे दिसत नाही. म्हणून ठिपका केवढा हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपण आपल्या मापाने हिशेब करू.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, सुमारे दहा मीटर गुणिले दहा मीटर. चांद्रयान-१ च्या त्या कॅमेऱ्याचा ठिपका पाच मीटरचा. म्हणजे एका गुंठ्यात चार ठिपके. डोंगर, दरी, मोठा खड्डा मोजायला एवढे पुरते. २००९ साली गेलेल्या अमेरिकेच्या चांद्रटेहळणी यानाच्या बारीक कॅमेऱ्याचा ठिपका अर्ध्या मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक हात. गुंठ्यात चारशे ठिपके. चांद्रयान-२ वर जो सर्वांत बारीक नजरेचा कॅमेरा गेला, त्याचा ठिपका १०० किलोमीटर उंचीवरून पंचवीस सेंटीमीटरचा, म्हणजे एक वीत. एका गुंठ्यात सोळाशे ठिपके!

एवढी बारीक नजर कशासाठी? यानाच्या पायाखाली बैलगाडीच्या चाकाएवढा धोंडा आला तरी ते कलंडू शकते. विक्रमची रचना १२ अंशांपर्यंतच्या उतारावर टेकता येईल अशी होती. पाच मीटरच्या ठिपक्यात तो धोंडा दिसणारच नाही. गावाचा नकाशा पाहून शिव कळते, पण कुळव अडवणारा दगड कळत नाही, तसे.

ठेच लागली ती जागा

७ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुष्कळांच्या लक्षात असेल. चांद्रयान-२ चा विक्रम उतरत असताना शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला आणि तो चंद्रावर आदळला. शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलेले आपण पाहिले. नकाशा चुकला म्हणून ते यान पडले नाही. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, मार्गातली चूक वाढत गेली आणि ती सावरताना यानाला वेळ पुरला नाही. त्यात उतरायची जागा ठरवलेली होती फक्त ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. एकरांत सांगायचे तर सुमारे ६२ एकर. एवढ्या लांबून येऊन तेवढ्याच तुकड्यात बसायचे होते.

तो विक्रम पडला कोठे, हेही फोटोंनीच सांगितले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी अमेरिकेच्या यानाचे जुने आणि नवे फोटो घरी बसून शेजारी-शेजारी ठेवले आणि ठिपक्याशी ठिपका पडताळला. जुन्या फोटोत नसलेला एक पांढुरका ठिपका त्यांना नव्या फोटोत सापडला. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने तो विक्रमचाच तुकडा असल्याचे जाहीर केले. तो मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटर अंतरावर पडला होता. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, चिकाटी होती.

पुढच्या खेपेला आपल्या शास्त्रज्ञांनी काय केले? चांद्रयान-२ चा वर फिरणारा भाग शाबूत होता. त्याच्या विती-वितीच्या नजरेने नव्या जागेचे फोटो घेतले. उतरण्याचे क्षेत्र वाढवून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केले, म्हणजे जवळजवळ २,४०० एकर. एखाद्या बऱ्यापैकी गावाची शिवच म्हणा. आता विचार करा, ६२ एकरांऐवजी २,४०० एकरांत कोठेही उतरायची मुभा द्यायची, तर त्या साऱ्या रानातले खड्डे आणि धोंडे आधी ठाऊक हवेत. जोखीम कमी झाली ती मोजणीचे काम वाढवून. इंधन जास्त भरले, पाय मजबूत केले, हेही खरे. पण पाय कोठे टेकायचे ते नकाशाने ठरवले.

विक्रमबरोबर चंद्राचा नकाशा यानातच ठेवलेला होता. उतरताना एक कॅमेरा खालचे फोटो काढी, ते त्या नकाशाशी जुळवी आणि आपण कोठे आहोत ते यानाला सांगे. सुमारे १५० मीटर उंचीवर यान थबकले, खालची जागा दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा एकदा तपासली आणि मगच खाली आले. आधी नकाशा, आणि शेवटी पुन्हा डोळ्यांनी खात्री.

चार दिवसांनी, २७ ऑगस्टला, प्रज्ञान ही सहा चाकांची गाडी चालत असताना तिच्यापुढे चार मीटर रुंदीचा खड्डा आला. तीन मीटर अंतरावरच तो दिसला. शास्त्रज्ञांनी तिला माघारी वळवून दुसऱ्या वाटेने नेले. नकाशा कितीही चांगला असला तरी चालताना समोर पाहावेच लागते.

खड्ड्यांवरून वय, आणि आपले लोणार

चंद्रावर एवढे खड्डे कशाने पडले? वळवाच्या पहिल्या सरीचे टपोरे थेंब वखरलेल्या धुळीत पडतात तेव्हा प्रत्येक थेंबाची एक वाटी तयार होते, कडेला माती उडते. चंद्रावर आकाशातून दगड येऊन असेच आदळले. आपल्याकडे पाऊस, वारा आणि नांगर अशा खुणा पुसून टाकतात. तिथे ना वारा ना पाऊस, म्हणून खूण कोट्यवधी वर्षे राहते.

यातून नकाशा करणाऱ्यांना वय काढायची युक्ती सापडली. नुकत्याच वखरलेल्या रानात थेंबांच्या वाट्या थोड्या आणि दोन सरी झेललेल्या रानात जास्त. तसेच ज्या भागात खड्डे जास्त तो भाग जुना, जिथे कमी तो नवा. पण किती वर्षे जुना, हे नुसते मोजून कळत नाही. त्याला जमिनीवरची साक्ष लागते. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे १२ अंतराळवीर चंद्रावर उतरले आणि ३८२ किलो दगड-माती घेऊन आले. प्रयोगशाळेत त्या दगडांचे वय निघाले, तेव्हा खड्ड्यांच्या संख्येला वर्षांचे माप मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या यानाने आणखी पावणेदोन किलोच्या आसपास नमुने आणले. ते सुमारे २०० कोटी वर्षांचे निघाले. त्यामुळे ते माप पुन्हा एकदा तपासता आले.

साक्षीचे महत्त्व आपल्या महाराष्ट्रातच पाहायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जा. गेवराईकडून जालन्यामार्गे सहलीला जाण्याजोगे ठिकाण आहे. तिथला गोल खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ पुष्कळांना वाटे की हे ज्वालामुखीचे तोंड असावे. आकारावरून वाद मिटेना. अखेर १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रचंड दाबाशिवाय बनूच शकत नाहीत असे काचेसारखे कण त्यांना सापडले. आकाशातून दगड आदळल्याचा तो पुरावा ठरला. अलीकडच्या मोजमापानुसार लोणारचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.

लोणारचे आणखी एक महत्त्व आहे. तो खड्डा काळ्या बसाल्ट खडकात पडलेला आहे. चंद्रावरचे काळे डागही थिजलेल्या लाव्ह्याचे, म्हणजे बसाल्टचेच. बसाल्टात पडलेले असे खड्डे पृथ्वीवर मोजकेच आहेत, म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात. आणि तुमच्या शेतातली काळी कसदार माती, जिच्यात आपण कापूस आणि ज्वारी घेतो, ती याच खडकाची झीज होऊन बनलेली आहे. चंद्रावरच्या सशाचे आणि गोदाकाठच्या काळ्या रानाचे नाते असे खडकातले आहे. फरक एवढाच, की इथे खडकाला पाणी, हवा आणि जीवजंतू मिळाले म्हणून त्याची माती झाली. तिथे नुसती भुकटी राहिली.

दुसऱ्या ग्रहांचे चंद्र

आपल्या तालुक्यातले राक्षसभुवन शनीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. त्या शनी ग्रहालाही चंद्र आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचे नाव टायटन. त्याच्याभोवती दाट धुके असल्याने साध्या कॅमेऱ्याला त्याची जमीन नीट दिसत नाही. तिथे कॅसिनी या यानाने रडार वापरले, म्हणजे रेडिओलहरी सोडायच्या आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजायचा. टायटनवर तळी दिसली, पण पाण्याची नव्हेत. गोबर गॅसमध्ये जो मिथेन असतो, तो तिथल्या कडाक्याच्या थंडीत पातळ होऊन तळ्यांत साचलेला आहे. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स नावाचे छोटे यान टायटनवर उतरलेही.

गुरूच्या आयो या चंद्राची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ त्याच्याजवळून गेले. यानाचा मार्ग तपासण्यासाठी फोटो पाहताना लिंडा मोराबिटो या अभियंता बाईंना चंद्राच्या कडेला छत्रीसारखा धूर दिसला. पृथ्वीबाहेरचा जागता ज्वालामुखी माणसाने पाहिला तो प्रथमच. आपल्या मंगळयानानेही जुलै २०२० मध्ये मंगळाच्या फोबोस या चंद्राचा फोटो पाठवला होता.

आपल्याला याचा काय उपयोग?

हा प्रश्न शेतकरी विचारतो आणि तो विचारण्याचा त्याला हक्क आहे. विक्रम उतरला तो ऑगस्ट महिना आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. कपाशी माना टाकत होती आणि टीव्हीवर चंद्र दिसत होता. 'चंद्रावर गेले, पण इथे पाऊस कुठे आहे?' असे कुणी म्हणाले तर त्याला नावे ठेवू नयेत. चंद्राचा नकाशा पाऊस पाडत नाही, हे सरळ सांगावे.

पण दुसरी बाजूही ऐका. आपल्या देशाने हा डोळा आधी चंद्राकडे लावला नव्हता. तो आधी आपल्याच रानाकडे लावला होता. १७ मार्च १९८८ रोजी नियमित कामासाठीचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह वर गेला. त्याच वर्षी नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ गेला. त्याला पुढे आणि मागे पाहणारे दोन कॅमेरे होते. सुईत दोरा ओवण्याची तीच युक्ती, पण आपल्या जमिनीसाठी. अशा फोटोंवरून उंच-सखल नकाशा मिळतो. पाणी कोठून कोठे वाहते, नाला बांध कोठे घ्यावा, समतल चर कोणत्या रेषेत खणावेत, हे माथ्यापासून पायथ्यापर्यंत ठरवता येते. दुष्काळ ठरवण्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमावलीत पिकांची हिरवाई उपग्रहातून पाहणे हाही एक निकष आहे.

नोकरीच्या काळात पाणलोटाचे नकाशे घेऊन मी पुष्कळ शिवारे पायी फिरलो आहे. एक गोष्ट प्रत्येक गावात अनुभवाला आली. नकाशात ओढा दिसतो, पण तो कोणत्या वर्षी पात्र सोडून कोणाच्या बांधावरून गेला, ते फक्त गावकऱ्यांनाच ठाऊक असते. नकाशा आणि माणूस एकत्र आले तरच काम टिकते. चंद्राच्या नकाशालाही शेवटी दगडांची साक्ष लागली. प्रज्ञानने सुमारे १०३ मीटर चालून २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्ये तपासली. तुम्ही शेताचा माती नमुना नागमोडी चालत वेगवेगळ्या ठिकाणांहून घेता, त्यामागचा विचार हाच आहे.

घरी करून पाहा

मुलांना सुट्टीत हा प्रयोग करू द्या. जुन्या परातीत चार बोटे चाळलेली राख भरा. वर विटेच्या भुकटीचा पातळ थर द्या. उंचावरून लहान-मोठे खडे टाका. खड्ड्याभोवती खालची राख वर उडून पसरलेली दिसेल. अगदी अशीच चंद्रावर खालची माती वर आली आहे. मग अंधारात बॅटरी एकदा बाजूने आणि एकदा बरोबर वरून धरा. बाजूच्या उजेडात काठ उठून दिसतील, वरच्या उजेडात नाहीसे होतील. शेवटी मुलांना विचारा, कोणता खड्डा आधी पडला आणि कोणता नंतर? जो दुसऱ्याचा काठ मोडतो, तो नंतरचा.

शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंत संध्याकाळी चंद्र पाहा. साधी दुर्बीण मिळाली तर उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा. खड्डे तिथेच उत्तम दिसतात.

हद्दीला चुना मारा

शेवटी एक कामाची सूचना. गावठाणाच्या मोजणीसाठी ड्रोन उडवून फोटो घेतले जातात. त्याआधी घराच्या आणि मोकळ्या जागेच्या हद्दी चुन्याने आखून घेतात. तुमच्या गावात ही मोजणी होईल त्या दिवशी घरातले जाणते माणूस हजर ठेवा. चुन्याची रेघ बरोबर जागी पडली का, ते स्वतः पाहा. शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर आखा. वर उडणाऱ्या कॅमेऱ्याला रेघ दिसते, हक्क दिसत नाही. चौकशीची नोटीस आली की कागद घेऊन जा. मालमत्ता पत्रक हाती आले की आकडे वाचा, आणि फरक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.

चंद्रावर उतरताना शास्त्रज्ञांनी नकाशा केला, तो जवळ ठेवला आणि तरीही टेकण्याआधी जागा पुन्हा पाहिली. आपली जमीन तर पायाखाली आहे. सातबारा आणि नकाशा वर्षातून एकदा तरी काढून, घरातल्या मुला-मुलींना सोबत घेऊन बांधावरून फिरा आणि कागदावरची खूण जमिनीवर दाखवा. आपली जमीन कोठून कोठपर्यंत आहे, हे पुढच्या पिढीला वाद सुरू होण्याआधीच कळलेले बरे.